रेंडर कुठे अडतो? आर्किटेक्चरसाठी लॅपटॉप घेताना

दुकानात गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आय-सेव्हन आहे, सोळा जीबी रॅम आहे, ग्राफिक्स कार्ड आहे, आर्किटेक्चरला डोळे मिटून घ्या." यातलं काहीच खोटं नसतं. तरीही तिसऱ्या वर्षाच्या जुरीच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या परीक्षणाच्या, आदल्या रात्री तोच लॅपटॉप मॉडेलवरून चित्र काढणाऱ्या लुमियनमध्ये बागेतली झाडं टाकता टाकता मान टाकतो. आय-सेव्हन नावाखाली ऑफिसचा पातळ लॅपटॉपही येतो आणि वर्कस्टेशनच्या तोडीचाही. 'ग्राफिक्स कार्ड' ४ जीबीचंही असतं आणि १२ जीबीचंही. त्यामुळे स्टिकर वाचण्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा: आपलं काम मशीनच्या नेमक्या कोणत्या भागात अडतं?

गवंडी आणि फरशीवाले

आर्किटेक्चरच्या कामाचे मशीनच्या दृष्टीने दोन अगदी वेगळे प्रकार आहेत.

पहिला म्हणजे ड्रॉइंग आणि मॉडेल: ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिट, राइनो. इथे एक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. रेव्हिटमध्ये भिंत सरकवली की तिच्यातला दरवाजा सरकतो, मग सेक्शन बदलतो, मग शेड्यूलमधला आकडा. हे सगळं क्रमानेच व्हावं लागतं. एका भिंतीवर सोळा गवंडी लावले म्हणून ती सोळापट लवकर उठत नाही, कारण खालचा थर बसल्याशिवाय वरचा लागत नाही. म्हणून या सॉफ्टवेअरना बरेच कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) असण्यापेक्षा एक कोअर जोरात धावणारा लागतो. स्केचअपमध्ये मॉडेल अडकतं तेव्हा टास्क मॅनेजर उघडून बघा. सोळा थ्रेडच्या, म्हणजे एकावेळी सोळा कामं हाताळणाऱ्या, प्रोसेसरचा वापर जेमतेम आठ-दहा टक्के दिसतो, आणि तरी स्क्रीन गोठलेली असते. एक गवंडी घाम गाळतोय आणि बाकीचे तंबाखू मळतायत, असं ते चित्र असतं.

दुसरा प्रकार रेंडरिंगचा, म्हणजे मॉडेलवरून फोटोसारखं चित्र काढण्याचा. इथे चित्रातला प्रत्येक ठिपका जवळपास स्वतंत्रपणे मोजता येतो. हे फरशी बसवण्यासारखं आहे: दहा खोल्यांत दहा माणसं लावली तर काम खरंच झटपट होतं. व्ही-रे प्रोसेसरवर चालवला तर तो सगळे कोअर शंभर टक्के वापरतो. लुमियन, एनस्केप, डी५, ट्विनमोशन हे मात्र ते काम ग्राफिक्स कार्डावर टाकतात, कारण तिथे हजारो छोटे कोअर असतात. आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी सबमिशनला हेच वापरतात. व्ह्यू (एका कोनातलं चित्र) मिनिटांत निघतो आणि वॉकथ्रूही (इमारतीतून फिरल्यासारखा व्हिडिओ) करता येतो.

म्हणजे मशीनमध्ये दोन गोष्टी आधी बघायच्या: एका कोअरचा वेग चांगला असलेला प्रोसेसर आणि पुरेशा मेमरीचं ग्राफिक्स कार्ड. बाकीचं त्यानंतर.

ग्राफिक्स कार्डाची मेमरी: खरी अडचण इथे

ग्राफिक्स कार्डाला स्वतःची वेगळी मेमरी असते, तिला व्हीरॅम म्हणतात. सीनमधला प्रत्येक टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र), प्रत्येक झाड, प्रत्येक खुर्ची रेंडरच्या वेळी तिथे उतरावी लागते.

एक हिशोब करून बघा. नेटवरून विटांचा एक टेक्स्चर घेतला, ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचा. डिस्कवर त्याची जेपीजी फाईल पाच-सहा एमबीची दिसते, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण जेपीजी ही दाबून घडी घातलेली चादर आहे. वापरायची तर उलगडावी लागते. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर ४०९६ × ४०९६ × ४ म्हणजे ६४ एमबी. शिवाय एका मटेरियलला नुसता रंग पुरत नाही. उठाव, चकाकी, खडबडीतपणा यांचे वेगळे नकाशे लागतात. चार नकाशांचं एक मटेरियल म्हणजे २५६ एमबी, आणि अशी दहा मटेरियल म्हणजे अडीच जीबी. रिअल-टाइम सॉफ्टवेअर यातलं बरंच आतल्या आत पुन्हा दाबून ठेवतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी येतो. पण ४ जीबीचं कार्ड एवढ्या लवकर का भरतं ते यावरून कळावं. अजून झाडं, गवत, माणसं आणि विंडोजचा स्वतःचा हिस्सा बाकीच आहे.

मेमरी भरली की काय होतं? टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर जीपीयू निवडलं की दोन आकडे दिसतात: डेडिकेटेड मेमरी आणि शेअर्ड मेमरी. ६ जीबीच्या कार्डावर डेडिकेटेड ५.८ ला टेकली आणि शेअर्डचा आकडा चढायला लागला, की समजायचं, सामान आता कार्डातून ओसंडून साध्या रॅममध्ये चाललंय. ती वाट कितीतरी हळू आहे. मघापर्यंत दोन मिनिटांत निघणारा व्ह्यू वीस मिनिटं घेतो, नाहीतर सॉफ्टवेअर सरळ बंद पडतं. कार्डाचा वेग कमी असेल तर रेंडर उशिरा होतो. मेमरी कमी असेल तर कधी कधी होतच नाही. या दोन दुखण्यांची गल्लत करू नये.

आता बाजारातली नावं, एनव्हिडिया कंपनीची. आरटीएक्स ३०५० लॅपटॉपमध्ये ४ जीबीचाही येतो आणि ६ जीबीचाही. नाव एकच, म्हणून विचारून घ्या. ४०५० मध्ये ६ जीबी, ४०६० मध्ये ८ जीबी. आणि ४०७० मध्ये? तिथेही ८ जीबीच. ५० मालिकेत ५०५०, ५०६० आणि ५०७० तिघांनाही ८ जीबी आहे, १२ जीबी हवे असतील तर ५०७० टीआयपर्यंत जावं लागतं. म्हणजे ४०६० वरून ४०७० वर जाण्यासाठी जादा मोजलेल्या पैशांत वेग मिळतो, जागा मिळत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: ८ जीबी हा आर्किटेक्चरसाठी सध्याचा समंजस मुक्काम आहे, बजेट ओढाताणीचं असेल तर ६ जीबी चालवून घ्यावं, आणि ४ जीबी नव्याने विकत घेऊ नये. एएमडीची कार्डं वाईट नाहीत, पण व्ही-रेचं कार्डावरचं रेंडरिंग वर्षानुवर्षं एनव्हिडिया धरूनच घडत आलंय. ब्लेंडरमध्येही एनव्हिडियाचा वेग जास्त मिळतो.

एकच नाव, वॉट वेगळे

लॅपटॉपच्या कार्डाला किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. एनव्हिडियाने ४०६० साठी ३५ पासून ११५ वॉटपर्यंत मुभा दिली आहे. पातळ, देखण्या मशीनमध्ये तेच कार्ड ६० वॉटवर बांधलेलं असू शकतं, आणि जाडजूड गेमिंग मशीनमध्ये ११५ वर सुटलेलं. नाव तेच, ८ जीबी तेच, पण सलग रेंडरला वेगात चांगलाच फरक. कमी वॉटचं ४०६० हे जास्त वॉटच्या ४०५० च्या जवळपास येऊन बसतं.

हा आकडा खोक्यावर क्वचितच असतो. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या स्पेसिफिकेशनमध्ये 'टीजीपी' किंवा 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' शोधा. दुकानात मशीन चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये हेल्प, मग सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की तो लिहिलेला सापडतो. विक्रेता थोडा वैतागेल. वैतागू द्या.

प्रोसेसरचं नाव शेवटून वाचा

इंटेलचे दोन प्रोसेसर शेजारी ठेवू. एक आय७-१३५५यू, दुसरा आय५-१३४५०एचएक्स. दोन्हींवर '१० कोअर' लिहिलेलं. पण पहिल्यात जोरकस कोअर फक्त २ आणि बारके, वीज वाचवणारे ८. दुसऱ्यात जोरकस ६ आणि बारके ४. पहिला मूळ १५ वॉटचा, दुसरा ५५ वॉटचा. आय७ थोडा वेळ उसळी छान घेतो, पण व्ही-रे सुरू झाला की हा आय५ त्याला सहज मागे टाकतो. म्हणून आधी शेवटचं अक्षर बघायचं: 'यू' म्हणजे बॅटरी वाचवणारा, 'एच' किंवा 'एचएस' म्हणजे कामाचा, 'एचएक्स' म्हणजे सगळ्यात तगडा आणि सगळ्यात तापट.

एएमडीने तर ७००० मालिकेत कोडंच घातलंय. तिथे चार आकड्यांपैकी तिसरा आकडा बघायचा, तो आतली पिढी सांगतो. ७८४०एचएस मध्ये ४ म्हणजे झेन ४, त्या मालिकेतली नवी पिढी. ७७३५एचएस मध्ये ३ म्हणजे त्याआधीची. ७५२०यू मध्ये २, म्हणजे मुळात २०१९ साली आलेलं झेन २ नव्या पाटीखाली. याच कुटुंबातला ७४३५एचएस स्वस्त मशीनमध्ये बराच दिसतो. वेगाला ठीक आहे, पण त्यात अंतर्गत, म्हणजे प्रोसेसरमध्येच बसवलेलं, ग्राफिक्सच नाही. म्हणजे नुसती पीडीएफ वाचतानाही मोठं कार्ड जागं राहतं आणि बॅटरी झरझर उतरते. दिवसभर स्टुडिओत प्लगजवळच बसणार असाल तर हरकत नाही.

रॅम, डिस्क

रेव्हिटसाठी जुना ठोकताळा आहे: फाईल डिस्कवर जेवढी, तिच्या साधारण वीसपट रॅम. कॉलेजच्या प्रोजेक्टची फाईल १५० एमबीची धरली तरी ३ जीबी झाले. मग १६ जीबी का पुरत नाही? कारण सबमिशनला रेव्हिट एकटं उघडं नसतं. मागे लुमियन, चाळीस टॅबचं क्रोम, एका बाजूला व्हॉट्सअ‍ॅप, आणि फोटोशॉपमध्ये ए१ शीट. ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) ए१ म्हणजे ७०१६ बाय ९९३३ पिक्सेल, आणि पूर्ण भरलेला एकेक लेयर साधारण २०० एमबीचा. वीस लेयर झाले की ४ जीबी तिथेच गेले. शीट फोटोशॉपऐवजी इनडिझाइनमध्ये लावली, रेषा व्हेक्टरच ठेवल्या आणि चित्रं १५० डीपीआयची घेतली तर हा भार चौथ्या हिश्शावर येतो. भिंतीवर टाचलेली ए१ शीट जुरी तीन फुटांवरून बघते, फरक दिसत नाही.

तरी लक्ष्य ३२ जीबी ठेवा. पण पहिल्या दिवशी घ्यायलाच हवी असं नाही. रॅम बदलता येणारी आहे ना, एवढं मात्र पहिल्या दिवशीच बघा. 'एलपीडीडीआर' लिहिलेलं असेल तर ती बोर्डावर डकवलेली असते, आयुष्यभर तेवढीच. नुसतं 'डीडीआर५' आणि दोन स्लॉट असतील तर एकात १६ जीबी घेऊन नंतर दुसरी १६ जीबीची पट्टी घालता येते. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो आणि वेगही थोडा वाढतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' समोर किती भरलेत ते दिसतं.

डिस्क १ टीबी, नाहीतर ५१२ जीबी आणि दुसऱ्या एसएसडीसाठी रिकामा स्लॉट. लुमियन एकटंच पन्नासेक जीबी जागा खाऊ शकतं, आणि टेक्स्चरची फोल्डरं सेमिस्टरगणिक फुगतात.

स्क्रीन आणि प्लॉटरचं भांडण

स्वस्त गेमिंग लॅपटॉपचा स्क्रीन '१४४ हर्ट्झ' म्हणून मिरवतो. खेळायला उत्तम, प्लॅन काढायला त्याचा काही उपयोग नाही. बारीक अक्षरात मात्र '४५% एनटीएससी' लिहिलेलं असतं, आणि तिथे गोम आहे. याचा अर्थ तो स्क्रीन एसआरजीबी या नेहमीच्या रंगमापाच्या साधारण बासष्ट-त्रेसष्ट टक्केच रंग दाखवतो. जांभ्याची भिंत स्क्रीनवर मळकट दिसते, म्हणून तुम्ही फोटोशॉपमध्ये सॅच्युरेशन वाढवता. आणि प्लॉटरमधून, म्हणजे मोठ्या शीट छापणाऱ्या प्रिंटरमधून, भडक केशरी शीट बाहेर येते. प्लॉटिंगवाल्याशी हुज्जत घालून उपयोग नाही, त्याने तुमची फाईल जशी होती तशी छापली. 'शंभर टक्के एसआरजीबी' लिहिलेला स्क्रीन घ्या. ३०० निट्स उजेड आणि १६:१० आकार मिळाला तर बरं, वरखाली टूलबार धरूनही ड्रॉइंगला जागा उरते. आवडलेल्या मशीनचा स्क्रीन असा नसेल तर घरी वापरायला एक बरा २४ इंची आयपीएस मॉनिटर वेगळा घेणं हाही चांगला मार्ग आहे.

मॅकचं काय?

मॅकबुकचा स्क्रीन आणि बॅटरी यांना तोड नाही. स्केचअप, राइनो, ऑटोकॅड, ट्विनमोशन, ब्लेंडर तिथे चालतात. पण रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स आणि लुमियन मॅकसाठी निघतच नाहीत. ऑटोकॅडही मॅकवर विंडोजसारखं पूर्ण नाही. जुन्या इंटेल मॅकवर विंडोज सरळ टाकता यायचं. एम१ या अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपच्या आणि त्यापुढच्या मॅकवर ती सोय गेली. पॅरलल्स या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज चालतं, पण त्यावर रेव्हिट चालवायला ऑटोडेस्क पाठबळ देत नाही, आणि थीसिसच्या महिन्यात तसा जुगार कुणी खेळू नये. इंटर्नशिपच्या ऑफिसात काय चालतं ते सीनियरना विचारा. बऱ्याच ठिकाणी उत्तर विंडोजच येईल.

ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्याला फुकट मिळतात. लायसन्स एका वर्षाचं असतं, विद्यार्थी असल्याचा पुरावा देऊन दरवर्षी वाढवता येतं. पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या 'क्रॅक' बरोबर काय काय आत येतं ते कळायला मार्ग नसतो. निदान जे फुकट मिळतंय त्यासाठी तरी तो धोका नको.

चार्जर, सॉकेट, गादी

ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि हॉस्टेलवर पहिल्याच रात्री समजते. २०० वॉटच्या वरच्या काही चार्जरना १६ अँपिअरची जाड पिन येते, म्हणजे गिझर किंवा एसीला असते तशी. हॉस्टेलच्या टेबलाजवळचं सॉकेट ६ अँपिअरचं. वास्तविक २३० वॉटचा चार्जर २३० व्होल्टला अवघा एक-दीड अँपिअर ओढतो. कंपनीच्या सेवा केंद्राकडून ६ अँपिअरच्या तीन पिनांची, चार्जरला जुळणारी केबल घेतली की प्रश्न मिटतो. दोन पिनांचा जुगाड करू नका, कारण अर्थिंग जातं. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या बहुतेक वेळा याचमुळे.

बॅटरीवर रेंडर लावू नये. प्लग काढला की कार्डाचे वॉट निम्म्याच्याही खाली येऊ शकतात. आणि गादीवर ठेवून तर मुळीच नाही: हवा आत घ्यायच्या जाळ्या खालच्या बाजूला असतात, त्या गादीत रुततात, प्रोसेसर शंभर अंशांकडे जातो आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. मागची बाजू एखाद-दोन इंच उचलून ठेवली, अगदी दोन जुन्या स्केल-मॉडेलच्या ठोकळ्यांवर, तरी फरक पडतो.

घ्यायचा कधी?

बी.आर्क. पाच वर्षांचं. पहिल्या वर्षी बहुतेक कॉलेजांत ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि हातानेच काम चालतं. लाखाचा लॅपटॉप तेव्हा फार तर पिक्चर बघायला. घरात साधा लॅपटॉप असेल तर पहिलं वर्ष त्यावर काढा आणि दुसऱ्या वर्षाच्या तोंडाशी घ्या. तोवर कॉलेज कोणत्या सॉफ्टवेअरवर भर देतं तेही कळलेलं असतं. शिवाय तीन वर्षांची वॉरंटी घेतली तर ती चौथं वर्ष संपेपर्यंत पुरते. वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते, ती तारीख फोनमध्ये टाकून ठेवा.

लॅपटॉपचा दोष नसतो तेव्हा

नवं मशीन घेऊनही स्केचअप अडखळत असेल तर आधी बघा की ते चुकून अंतर्गत ग्राफिक्सवर तर चालत नाही ना. विंडोज सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन स्केचअप निवडा आणि 'हाय परफॉर्मन्स' लावा. लुमियन, एनस्केप, रेव्हिटसाठीही तेच.

मॉडेल फिरवताना पृष्ठभाग लुकलुकत असतील किंवा जवळ गेल्यावर भिंत मध्येच कापली जात असेल, तर कार्डाला दोष देऊ नका. एकाच जागी दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसले असले की लुकलुक होते. आणि टोटल स्टेशनच्या (जमीन मोजायच्या यंत्राच्या) सर्व्हेची ऑटोकॅड फाईल खऱ्या को-ऑर्डिनेटसह आणली असेल, तर साइट मूळ बिंदूपासून लाखो मीटर दूर पडलेली असते. एवढ्या मोठ्या आकड्यांत स्केचअपची अचूकता ढळते आणि कापाकापी सुरू होते. आणण्याआधी ऑटोकॅडमध्येच सगळं उचलून शून्य-शून्यावर ठेवा. थ्रीडी वेअरहाऊसमधून आणलेला एक नक्षीदार सोफा कधी कधी तुमच्या अख्ख्या इमारतीपेक्षा जड असतो. तो काढा, पर्ज मारा (न वापरलेल्या गोष्टी फाईलमधून साफ करा), आणि फाईल किती हलकी होते बघा.

व्ह्यू विनाकारण मोठा काढणं हा असाच एक वेळखाऊ प्रकार. ए१ शीटवर अर्ध्या भागात, म्हणजे ए२ आकारात बसणाऱ्या चित्राला १५० डीपीआयला ३५०८ बाय २४८० पिक्सेल लागतात. ३८४० पिक्सेल रुंदीचा रेंडर त्याला पुरून उरतो. त्याच्या दुप्पट रुंदीचा काढला तर पिक्सेल चौपट, आणि वेळही जवळपास चौपट. चाचणीचे व्ह्यू तर १९२० वरच काढा.

मशीन घरी आलं की बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत हे करा: खोकं उघडतानाचा व्हिडिओ घ्या, सिरियल नंबर बिलाशी जुळवा, रॅमचे स्लॉट आणि कार्डाचे वॉट तपासा. मग प्लग लावून, टेबलावर ठेवून अर्धा तास सलग रेंडर चालू ठेवा. पहिला व्ह्यू आणि पाचवा व्ह्यू यांचा वेळ लिहून ठेवा. थोडा फरक असणारच. पण पहिला तीन मिनिटांत आणि पाचवा सात मिनिटांत निघत असेल तर मशीनची उष्णता बाहेर पडत नाही, आणि ते परत करण्याची वेळ हीच.